मेडिकल, फिलॉसॉफीमार्गे

"फॉर्म मी भरणार," गुणवंत सबनीसने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "तुम्ही दोघींनी त्याला हातसुद्धा लावायचा नाही. एक स्पेलिंग चुकलं तर पोरीचं करिअर खलास."

पोरगी समोरच बसली होती. ईश्वरी, वय सतरा, बारावीची परीक्षा नुकतीच आटोपलेली, स्वतःच्या नावाचं स्पेलिंग बालवाडीपासून बिनचूक लिहिणारी. ती म्हणाली, "बाबा, इट्स माय फॉर्म."

"म्हणूनच!" गुणवंत म्हणाला.

गुणवंत अमिरातीत, रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होता. रोज सकाळी अजमानहून गाडी हाकत तिकडे जायचं, दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या फरशांतल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन तेच काम ओव्हरटाइम न घेता पुढे चालू ठेवायचं, असा त्याचा दिनक्रम होता. एकवीस वर्षांत आपल्या हातून एकही चूक झालेली नाही, असं तो सांगत असे. झालेल्या चुका सप्लायरच्या असत, किंवा सुहासिनीच्या.

सुहासिनी म्हणजे त्याची बायको. शारजातल्या एका क्लिनिकमध्ये ती इन्शुरन्स डेस्कवर बसे. रोज आठ तास डॉक्टर जवळून पाहायला मिळत असल्यामुळे मुलीने डॉक्टर व्हावं म्हणून ती नवऱ्याइतकी उतावीळ नव्हती.

डॉक्टर व्हायचं हे खरं तर ईश्वरीने स्वतःच ठरवलं होतं, आणि हीच गुणवंतची पंचाईत झाली होती. मुलीने बापाला विचारल्याशिवाय योग्य निर्णय घ्यायचा, म्हणजे बापाने करायचं काय? तेव्हा निदान वाट तरी आपण ठरवू, असं म्हणून त्याने कंबर कसली. नीटची परीक्षा, जॉर्जिया, फिलिपिन्स अशा सगळ्या वाटांची एक्सेल शीट तयार झाली. शेवटी पसंत पडलं ते शारजाच्या पलीकडचं एक अमेरिकन पद्धतीचं विद्यापीठ. तिथे आधी चार वर्षांची पदवी आणि मग त्यांच्याच मेडिकल कॉलेजात प्रवेश. आता पदवीला विषय कोणता घ्यायचा? पुन्हा शीट, पुन्हा रकाने, प्रत्येक विषयाला शंभरपैकी गुण. बायोलॉजी, बायोकेमिस्ट्री वगैरेंना मागे टाकून साडेसत्त्याऐंशी गुणांनी फिजिऑलॉजी पहिली आली.

"शरीर कसं चालतं त्याचं शास्त्र," गुणवंतने मुलीला समजावून सांगितलं. अकरावीला बायोलॉजीत सत्त्याण्णव मार्क मिळवणाऱ्या मुलीने ते शांतपणे ऐकून घेतलं.

पहिल्या फेरीच्या फॉर्मची शेवटची वेळ शुक्रवारी दुपारी बाराची होती. गुणवंतने अकरा वाजता केबिनचं दार लावून घेतलं. नाव तीनदा तपासलं, पासपोर्टचा नंबर चारदा. विषयांच्या यादीतून 'फिजिऑलॉजी' निवडलं, समाधानाने मान हलवली आणि वरचं नाव चौथ्यांदा तपासावं म्हणून माउसचं चाक वर फिरवलं. पान सरकलं नाही. सरकली ती यादी. फिजिऑलॉजीच्या वर फिजिक्स होतं, त्याच्या वर फिलॉसॉफी. चाक दोनच खटके फिरलं होतं. मग पान सरकलं, नाव बरोबर निघालं आणि गुणवंतने 'सबमिट' दाबलं.

पाच मिनिटांत पोचपावती आली. 'निवडलेला विषय: फिलॉसॉफी.' गुणवंतने चष्मा पुसला. विषय तोच राहिला.

त्याने आयटीतल्या उझैरला बोलावलं. उझैर हैदराबादचा, शांत डोक्याचा.

"सर, सबमिट हो गया तो अपने हाथ में कुछ नहीं," स्क्रीनकडे बघत तो म्हणाला. "लेकिन रास्ता है ना. फोन करो, बोलो गलती हो गई."

"किसकी गलती?"

उझैरने क्षणभर विचार केला. "सर, कमरे में आप अकेलेच थे ना?"

गुणवंतने त्याला जायला सांगितलं. फोन करायचं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण पोचपावतीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: माहितीत तफावत आढळल्यास अर्ज बाद होऊ शकतो. आयुष्यभर लोकांचा माल बाद करत आलेल्या माणसाला त्या शब्दाचा वचक असतो. शिवाय फोन केला तर 'गलती' हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागणार होता.

संध्याकाळी सुहासिनीने दारातच विचारलं, "भरला का फॉर्म?"

"भरला."

"फिजिऑलॉजी?"

गुणवंत बूट काढत होता. एका बुटाची नाडी सोडायला त्याने बराच वेळ घेतला. दुसऱ्या बुटाला तर नाडीला गाठच बसली होती. तोवर त्याचा निर्णय झाला.

"मी आयत्या वेळी जरा खोलात विचार केला," तो म्हणाला. "फिलॉसॉफी टाकलं."

"काय टाकलंस?"

"फिलॉसॉफी. तत्त्वज्ञान. बायोलॉजी, फिजिऑलॉजी काय, सगळी दुनिया घेते. मेंढरं! अ‍ॅडमिशन कमिटी तेच तेच चेहरे बघून कंटाळलेली असते. त्यांना वेगळा कँडिडेट लागतो. विचार करणारा."

"आणि साडेसत्त्याऐंशी मार्क?"

"शीटमध्ये फॉर्म्युला चुकला होता," गुणवंत म्हणाला. एक चूक लपवायला दुसरी कबूल करावी लागली, याचा त्याला मनस्वी त्रास झाला.

ईश्वरी आतून बाहेर आली. "बाबा, आर यू सिरियस? मला मेडिसिन करायचंय. फिलॉसॉफीमध्ये काय करणार? नाडी बघताना आत्म्याचा शोध?"

"बाळा, तुला आत्ता नाही कळणार," गुणवंत म्हणाला. त्याला स्वतःलाही कळत नव्हतं, पण बापाला ही सवलत असते.

एकदा खोटं बोलल्यावर त्याला पुरावा लागतो. पुढच्या रविवारी गुणवंत दुबईच्या अल क्वोजमधल्या एका गोदामवजा जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेला आणि दुकानातलं सगळ्यात जाड तत्त्वज्ञानाचं पुस्तक घेऊन आला. पहिल्या पानावर तो दोन दिवस थांबला. दुसऱ्या पानावर झोपला. ईश्वरीने मात्र आधी रागाने, मग कुतूहलाने, मग नुसतंच वाचायला सुरुवात केली, आणि घरात जेवताना प्रश्न येऊ लागले.

"बाबा, समजा कोणी खोटं बोललं, पण त्यात सगळ्यांचं भलं झालं, तर ते चूक का?"

गुणवंतला ठसका लागला. सुहासिनीने पाणी पुढे केलं.

"डिपेंड्स," तो म्हणाला.

"कशावर?"

"आमटी गार होतेय, जेव."

पण एका संध्याकाळी प्रश्न सुहासिनीकडून आला. त्यांच्या क्लिनिकमध्ये एक सत्तरीचे गृहस्थ आले होते. रिपोर्ट वाईट होता. मुलगा काउंटरवर येऊन हात जोडून सांगत होता की बाबांना सांगू नका, त्यांना फक्त अ‍ॅसिडिटी म्हणून सांगा. डॉक्टर फाइल हातात धरून दहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये उभे होते.

"मग सांगितलं का?" ईश्वरीने विचारलं.

"माहीत नाही. माझी शिफ्ट संपली."

"पण त्या आजोबांना कोणी विचारलं का, की तुम्हाला कळायला हवंय का म्हणून?"

ईश्वरी ताट तसंच ठेवून खोलीत गेली आणि पुस्तकातलं कुठलंसं प्रकरण काढून बसली. गुणवंतने बायकोकडे पाहून भुवया उडवल्या. "बघ! म्हटलं नव्हतं?" खरं तर त्याने काहीच म्हटलं नव्हतं.

एव्हाना बातमी बिल्डिंगमध्ये पसरली होती. पाचव्या मजल्यावर प्रल्हाद आणि अर्चना राहत. त्यांचा विहान ईश्वरीच्याच वर्गात. विहानच्या आयुष्यातले सगळे मोठे निर्णय सबनीसांच्या घरात काय चाललंय हे पाहून घेतले जात. ईश्वरी कथकला गेली तेव्हा बिचारा तबल्याला गेला होता.

लिफ्टमध्ये प्रल्हादने गाठलंच. "काय सबनीस, फिलॉसॉफी म्हणे!"

"हो, म्हणजे असंच..."

"असंच? तुम्ही असंच काही करत नाही. आयएसओ ऑडिट पास करणारा माणूस! आम्हाला सांगायचं नाही, हेच ना?"

"अरे, तसं काही नाही."

"नसू दे. आम्हीही शोधून काढू."

गुणवंत जितका 'तसं काही नाही' म्हणे, तितका प्रल्हादचा संशय पक्का होई. विद्यापीठाची दुसरी फेरी अजून उघडी होती. अर्चनाने बायोलॉजीचा तयार फॉर्म बाजूला ठेवून विहानसाठी फिलॉसॉफीचा भरला. विहानला त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कळवण्यात आलं. तो पलीकडच्याच खोलीत होता.

मग मंडळातून फोन आला. अजमानच्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याला मराठी मंडळींची सभा भरत असे. या वेळचा विषय होता 'मेडिकल प्रवेशाची वेगळी वाट' आणि वक्ते होते श्री. गुणवंत सबनीस. नाही म्हणण्यासाठी त्याने तोंड उघडलं, पण आयुष्यात कोणी त्याला पहिल्यांदाच वक्ता म्हणत होतं. तोंडातून हो बाहेर पडलं.

सभेला चाळीस माणसं आली. एवढी माणसं दिवाळी पहाटेलाही आली नव्हती. गुणवंतने इंटरनेटवरून गोळा केलेलं सगळं बोलून दाखवलं. डॉक्टर म्हणजे मेकॅनिक नव्हे. शरीर सगळेच शिकतात, माणूस कोण शिकतो? चाकोरी सोडा. मुलांना विचार करू द्या. बोलता बोलता त्याचा आवाज असा काही लागला की 'मुलांवर आपला निर्णय लादू नका' हे वाक्यही त्याने टेबलावर हात आपटून म्हटलं. पहिल्या रांगेत बसलेल्या सुहासिनीने तेवढ्या वाक्यापुरता मोबाइल खाली ठेवला.

टाळ्या वाजल्या. तीन बाप वहीत टिपून घेत होते. आपण चाळीस जणांसमोर आपल्या माउसच्या चाकाचं समर्थन केलंय, हे त्याला चहा पिताना आठवलं आणि चहा कडू लागला.

तेवढ्यात एक बाई पुढे आली. "मी स्वप्नाली. दुबईत अ‍ॅडमिशन कौन्सेलिंग करते. एक विचारू?"

गुणवंतने कप खाली ठेवला. आता सगळं बाहेर येणार!

"तुम्ही म्हणालात ते खरंय हो," स्वप्नाली म्हणाली. "त्या विद्यापीठात पदवीचा विषय कोणताही चालतो. फिलॉसॉफीवालेही मेडिकलला गेलेत. फक्त केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्सचे ठरावीक पेपर बरोबर घ्यावे लागतात, आणि प्रवेश परीक्षा असतेच. ते तुम्ही सांगायचं राहिलं."

"खरं आहे?" गुणवंतने विचारलं.

"तुम्हीच तर आत्ता तासभर सांगत होतात!"

आपलं खोटं निम्मं खरं निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण घरी येताना गाडीत त्याला वाटत राहिलं, की आपण मुलीला खड्ड्यात ढकललं आणि खाली योगायोगाने गादी निघाली. याला काही बाप म्हणत नाहीत. बाप गादी आधी बघतो.

जूनमध्ये मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखतीच्या दिवशी सकाळी आठ वाजताच पारा चाळिशीला टेकला होता. सुहासिनीला सुटी मिळाली नव्हती, त्यामुळे गाडीत दोघंच. ईश्वरी मागे न बसता शेजारी बसली होती, मांडीवर ते जाड पुस्तक, त्यात पिवळ्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. गुणवंतने त्या चिठ्ठ्या मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

"ईशू," तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय. ते फिलॉसॉफी... मी विचारबिचार काही केला नव्हता."

"मीन्स?"

"माउसचं चाक फिरलं. फिजिऑलॉजीवरून दोन घरं वर गेलं. मी बघितलंच नाही. मग सांगायची लाज वाटली."

शेजारून सिमेंटचा एक टँकर गेला, मग दुसरा गेला.

"म्हणजे दोन महिने मी एका स्क्रोलसाठी वाचतेय?"

"हो."

"आणि मंडळातलं भाषण? चाकोरी सोडा वगैरे?"

"तेही स्क्रोलच."

"बाबा!" ती म्हणाली, आणि पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघू लागली. गुणवंतला ओरडाआरडा परवडला असता. त्याने एसी वाढवला, मग कमी केला, मग परत वाढवला.

"सॉरी," शेवटी तो म्हणाला. हा शब्द त्याने घरात याआधी फक्त फोनवर कोणाचा तरी नंबर चुकून लागल्यावर वापरला होता.

विद्यापीठात प्रल्हाद आणि विहान आधीच येऊन बसले होते. विहानने टाय घातला होता आणि त्याचा चेहरा त्या टायने बांधून आणल्यासारखा दिसत होता. त्याला आत बोलावलं आणि सहा मिनिटांत तो बाहेर आला.

"काय विचारलं?" प्रल्हादने विचारलं.

"व्हाय फिलॉसॉफी."

"मग? पाठ केलं होतंस ना!"

"विसरलो. आय सेड, सबनीस अंकलनी सांगितलं."

प्रल्हादने गुणवंतकडे पाहिलं. गुणवंतने भिंतीवरच्या अग्निशमनाच्या सूचना वाचायला घेतल्या. इंग्रजी संपल्यावर त्याने अरबीही वाचल्या. त्याला अरबी येत नव्हतं.

ईश्वरी आत गेली ती अर्धा तास बाहेरच येईना. दहाव्या मिनिटाला आतून हसण्याचा मोठा आवाज आला. गुणवंत उठून दाराजवळ गेला. मग बराच वेळ नुसतं बोलणं ऐकू येत राहिलं. अखेर दार उघडलं.

"काय झालं? का हसले?"

"तेच विचारलं, व्हाय फिलॉसॉफी. मी खरं सांगितलं."

"काय खरं?"

"की माझ्या बाबांचं माउसचं चाक फिरलं. डॉक्टर सबा म्हणून चेअरपर्सन आहेत, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. म्हणाल्या, आज सकाळपासून अकरा मुलांनी मला माणुसकीवर भाषण दिलंय, हे पहिलं खरं उत्तर." ईश्वरीच्या ओठांवर हसू होतं. "मग विचारलं, चुकून का होईना, काही वाचलंस का? मी आईच्या क्लिनिकमधल्या त्या आजोबांचं सांगितलं. मग आम्ही भांडलो."

"भांडलात?"

"आर्ग्यू केलं. त्यांचं म्हणणं, कुटुंबाचंही ऐकावं लागतं. माझं म्हणणं, आधी आजोबांना विचारा. पटलं नाही त्यांना. पण सीट दिली."

गुणवंत मटकन खुर्चीत बसला.

"आणि बाबा, विषय बदलता येतो. खाली डेस्क आहे. त्या म्हणाल्या, पहिल्या वर्षात निम्मी मुलं बदलतात, त्यात काही विशेष नाही."

दोन महिन्यांची उडालेली झोप, चाळीस माणसांची सभा, एक ठसका आणि एक गार पडलेली आमटी, हे सगळं एका डेस्कवर सुटणार होतं. गुणवंत जवळजवळ धावतच जिना उतरला. डेस्कमागे पांढऱ्याशुभ्र पायघोळ अरबी कंदुऱ्यातला एक हसतमुख तरुण होता. छातीवर नाव होतं, हम्माद.

"नो प्रॉब्लेम, अंकल," सगळं ऐकून तो हिंदीत म्हणाला. "माउस का बहुत केस आता है. दो मिनिट का काम. इधर साइन करो. फिजिऑलॉजी, राइट?"

"राइट!" म्हणत गुणवंतने पेन काढलं.

"नो, थँक यू," ईश्वरी म्हणाली. "फिलॉसॉफी राहू दे."

गुणवंतचं पेन हवेत राहिलं. "ईशू, अगं, आता बदलता येतंय! चूक दुरुस्त होतेय!"

"तुमची चूक दुरुस्त होतेय. मला आवडायला लागलंय, त्याचं काय? सायन्सचे पेपर मी बरोबर घेणार आहे, डॉक्टर सबांना विचारलंय. परीक्षाही देणार. डॉक्टर मी होणारच आहे."

"पण चार वर्षं दोन्ही झेपणार का? फिजिऑलॉजी सेफ आहे गं. सगळे घेतात..."

बोलता बोलता तो थांबला. ईश्वरीने फक्त भुवया वर केल्या आणि वाट पाहिली. मेंढरं, चाकोरी, निर्णय लादू नका, यातलं एकेक वाक्य गुणवंतच्या जिभेवर येऊन परत गेलं. सगळे मुद्दे त्याचेच होते.

त्याने पेनाला टोपण लावलं.

"रहने दो," तो हम्मादला म्हणाला.

हम्मादने कागद बाजूला सारला. ईश्वरी आईला फोन लावायला बाहेर पळाली. गुणवंत तिथेच उभा राहिला. हरल्यावर इतकं बरं वाटतं हे त्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं. रांगेत त्याच्यामागे एक गुजराती गृहस्थ मुलाचा फॉर्म घेऊन उभे होते. हे सगळं त्यांनी कान देऊन ऐकलं होतं.

"भाईसाब," त्यांनी पुढे वाकून विचारलं, "ये फिलॉसॉफी से मेडिकल पक्का मिलता है क्या?"

त्यांच्या एका हातात वही होती आणि दुसऱ्या हातात पेन. गुणवंतने घसा साफ केला. तासाभराचं भाषण त्याला तोंडपाठ होतं.

"मालूम नहीं," तो म्हणाला.

"मतलब?"

"मतलब सचमुच मालूम नहीं. लडके को क्या पसंद है, वो पूछा क्या?"

गुजराती गृहस्थांनी मुलाकडे पाहिलं, आजवर तो प्रश्न सुचलाच नव्हता अशा चेहऱ्याने. आणि त्यांच्याही मागून, रांगेच्या टोकाहून, प्रल्हादचा आवाज आला.

"सबनीस! मालूम नहीं म्हणजे काय? अहो सबनीस! मालूम नहीं म्हणजे काय?"

"नेक्स्ट," हम्माद म्हणाला.